चाळीस नळ्या आणि माझं उत्तर

विलास,

तुझ्या शोकसभेत आपल्या कारागीर संघटनेच्या अध्यक्षांनी एक गोष्ट सांगितली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ती गोष्ट खोटी आहे हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

ते म्हणाले, "विलास मिस्त्री असा कारागीर, की आपले डोळे साथ देईनात हे त्यांनी स्वतः ओळखलं आणि स्वतःच्या हातानं गॅसची टॉर्च खाली ठेवली. गिऱ्हाइकापुढं चूक कबूल करायला छाती लागते." मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले. त्या दोन मिनिटांनंतर मला पुढं जाऊन बोलता आलं असतं, माइक मोकळाच होता. मी समोरच्या माणसाच्या शर्टाची कॉलर बघत उभा राहिलो आणि मग सगळ्यांबरोबर चहाला गेलो.

आता संघटनेच्या पत्रकासाठी तुझ्यावर लिहायचं काम माझ्याकडंच आलंय. सव्वीस वर्षं एका शेडमध्ये काढली, तुमच्याशिवाय कोण लिहिणार, असं म्हणाले. पहिला मसुदा लिहिला होता. त्यात तुझं गाव, शिक्षण, उद्यमनगरात कधी आलास, सगळं नीट होतं. शेवटी 'डोळ्यांनी दगा दिला' असं वाक्य आपोआप आलं आणि मी कागद फाडला. तू कधी गेलास, कसा गेलास हे तुला सांगण्यात काही अर्थ नाही, तू तिथंच होतास. तुला जे माहीत नव्हतं तेवढंच आता लिहितो. पण माझी सवय तुला ठाऊक आहे, मुद्द्यावर यायला मला दोन गल्ल्या फिरून यावं लागतं.

आपली ओळख भांडणातून झाली. मी लेथवाला, धातू कातणारा, माझ्या शेडचा अर्धा भाग रिकामा होता, तो तू मागायला आलास. मी विचारलं, काय काम करता? तू म्हणालास, ब्रेझिंग. मी तोंडावर हसलो होतो. त्या वेळी मला वाटायचं, ज्याला वेल्डिंग जमत नाही तो ब्रेझिंग करतो. लोखंड वितळवून लोखंडाला चिकटवायचं सोडून मध्ये कसली तरी चांदीची नाहीतर पितळेची काडी वितळवायची, हे काय काम झालं? तू पिशवीतून तांब्याची एक नळी काढलीस, लोखंडी तुकड्यात बसवून जोडलेली. माझ्याच व्हाइसमध्ये धरलीस आणि माझाच हातोडा माझ्या हातात दिलास.

"हाण," म्हणालास.

मी हाणला. नळी वाकली, पुन्हा हाणला, नळी चेपली, शेवटी नळी फाटली. जोड जिथल्या तिथं. मी उलटसुलट करून बघितला, तर बाहेरून दिसायला काहीच नव्हतं, बारीक चंदेरी रेघ फक्त.

"एवढ्याशा रेघेवर थांबलंय व्हय हे?" मी म्हणालो.

"रेघ न्हवं गा. जोड वर नसतोय, मधी असतोय. वर दिसतोय त्यो नुसता पत्ता हाय, घर आत हाय."

शेड तुला दिली. वर्षभरात लोक माझ्या लेथला 'विलास मिस्त्रीच्या शेडमधलं लेथ' म्हणायला लागले. ह्या गोष्टीचा मला राग यायचा. हे तुला कधी बोललो नाही. आज बोलतो, कारण पुढच्या हकिकतीत त्या रागाचा हात आहे.

तुझ्याकडून जे शिकलो ते सगळं उलटं होतं. मला वाटायचं, काडी तापवायची. तू म्हणायचास, काडीकडं बघूसुद्धा नको, काम तापव, म्हणजे जोडायचे तुकडे. काम इतकं तापलं पाहिजे की काडी टेकवल्याबरोबर कामानंच तिला वितळवलं पाहिजे. ज्वाळेत काडी धरून थेंब पाडणाऱ्यांचा तुला मनापासून तिरस्कार होता. "त्यो मेणबत्ती लावतोय, ब्रेझिंग न्हाय," असं त्यांच्या तोंडावर म्हणायचास, म्हणून निम्मी गल्ली तुझ्याशी बोलायची नाही. जाड भाग आधी तापवायचा, पातळ भागाला ज्वाळा नुसती शिवून जायची, दोन्ही एकदम रंगावर आले पाहिजेत. काडी ज्वाळेच्या बाजूनं लावायची नाही, समोरच्या बाजूनं लावायची. जिथं जास्त तापलेलं असतं तिकडं ती स्वतःहून धावते. ती धावताना बघायला मला शेवटपर्यंत मजा यायची. इकडं टेकवलेली काडी क्षणात जोडाच्या आत नाहीशी होते आणि पलीकडं चंदेरी कडं उमटतं.

आणि स्वच्छता! तुझ्या टेबलापाशी सोवळंच असायचं. एमरी पेपरनं घासायचं, थिनरनं पुसायचं आणि मग त्या जागेला बोट लावायचं नाही. एकदा आपल्या शेजारच्या शेडमध्ये कुणाच्या तरी मुलाच्या बारशाचं मटण आलं होतं. दोघंही जेवून आलो, हात धुतले, पण मी काय धुतले देव जाणे. दुपारी तू एक जोड घेतलास आणि चांदी नळीवर गोळ्या होऊन पळायला लागली, धरेचना. तू टॉर्च बंद केलीस, नळी नाकाला लावलीस आणि म्हणालास, "सदा, रस्सा झ्याक हुता. पर चांदीला तिखट चालत न्हाय." पुढं महिनाभर गल्लीत मला 'रस्सा ब्रेझिंग' म्हणायचे.

चांदी धरावी म्हणून फ्लक्सची पावडर पाण्यात कालवून लेप द्यायचास. तो आधी उकळतो, मग पांढरा होऊन फुगतो, मग एकदम निवळून पाण्यासारखा पसरतो. तो निवळला की काम तयार. पण तू त्याच्यावर विसंबायचा नाहीस. तू रंग बघायचास. तुझ्या टेबलावरची खिडकी तू पत्र्यानं बंद केली होतीस, कारण उन्हात लोखंडाचा रंग फसवतो. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात लोखंड काळ्याचं तांबूस व्हायला लागलं की फ्लक्स निवळायच्या जरा आधीच तू 'आलं' म्हणायचास. मी कित्येकदा बघितलंय, तू 'आलं' म्हणालास आणि मग फ्लक्स निवळला. जोड झाल्यावर तो गार होईपर्यंत शेडमध्ये कुणी टेबलाला धक्का लावायचा नाही. मग गरम पाण्यात धुऊन फ्लक्सचा कणन् कण काढायचा, नाहीतर तोच पुढं धातू खातो.

आपली भांडणं काही मिटली नाहीत. पंख्याचं राहिलं. तू मागच्या भिंतीत धूर ओढणारा पंखा बसवलास आणि माझ्या लेथवर थंडीत वारं यायला लागलं. मी बंद करायचो, तू चालू करायचास. त्याआधी स्वस्त काड्या वापरायचो आपण, त्यांत कॅडमियम होतं, त्याचा धूर विषारी. एका पावसाळ्यात सगळी दारं लावून काम केलंस आणि दोन दिवस अंगात ताप आणि छातीत कळ घेऊन झोपलास. उठून आलास तो सरळ उरलेलं पुडकं बाजूला काढलंस, महाग काड्या आणल्यास आणि भिंतीला भोक पाडलंस. मी तेव्हा म्हणालो होतो, एवढ्यानं काय होतंय. आता पंखा सकाळी मीच चालू करतो आणि थंडी वाजली तर स्वेटर घालतो. ह्या भांडणात तू जिंकलास.

इंडक्शन मशीनचं मात्र अजून मिटलेलं नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आपण ते बघायला गेलतो. बटन दाबलं की ठरलेल्या सेकंदांत काम तापतं, सगळे जोड एकसारखे. मी भारावलो. तू मशीनच्या भोवती दोनदा फिरलास आणि त्या सुपरवायझरला विचारलंस, "पावणं, माप चुकलेलं काम आलं तर हे मशीन वरडतंय का?" तो म्हणाला, नाही, मशीन फक्त तापवतं. "मग रंगापेक्षा माप बघनारा मानूस लागंल की," म्हणालास. मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. का ते आता सांगतो. गल्ल्या संपल्या.

माप माझं काम होतं. मी लेथवर नळी आणि ती ज्यात बसते ते सॉकेट करायचो, तू जोडायचास. तुझी एकच अट होती, दोन्हींच्या मध्ये कागदाएवढी जागा पाहिजे. तू मायक्रोमीटर वापरायचास, पण तुझा खरा भरवसा वर्तमानपत्रावर. पट्टी फाडायची, नळीला एक वेढा द्यायचा आणि सॉकेटात घालायची. हलकी अडत आत गेली की माप बरोबर. सैल गेली तर चांदी मध्ये टिकत नाही, आणि गेलीच नाही तर चांदीला आत शिरायला वाटच नाही. पहिल्या वर्षी मी तुला म्हणालो होतो, घट्ट बसलं तर जास्त मजबूत होईल की. तू म्हणालास, "लेका, त्याला तूच जागा दिली न्हाईस तर त्यो ऱ्हानार कुठं?"

दुसरा नेम म्हणजे, दर खेपेला एक चांगला झालेला जोड करवतीनं उभा कापून आत बघायचा. नवा माल कापायला माझ्या जिवावर यायचं. तू म्हणायचास, एक मेला तर बाकीच्यांची खात्री पटते.

जयसिंगपूरच्या मगदूमांच्या त्या चाळीस नळ्या. वंगणाच्या लाइनसाठी, पितळी नळी लोखंडी फ्लँजमध्ये, म्हणजे भोक असलेल्या जाड चकतीत. फ्लँजचं भोक आरपार नव्हतं, आत पायरी होती, म्हणजे चांदी पलीकडं आली की नाही हे बाहेरून दिसणार नव्हतं. वर पितळ लोखंडापेक्षा जास्त फुगतं, तापल्यावर जागा आणखी कमी होते, म्हणून तू मला मुद्दाम सांगितलं होतंस, ह्यात कागद जरा मोकळा जाऊ दे. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. डॉक्टरांनी काम करायला परवानगी दिलेली होती. तू खुशीत होतास, म्हणायचास की रंग आता जास्त लखलखीत दिसतात.

तो सुट्टीच्या आदला दिवस होता. मगदूमांची गाडी संध्याकाळी येणार होती. निम्म्या नळ्या झाल्यावर माझ्या हत्याराची धार गेली. मला ते आवाजावरून कळलं. थांबून धार लावायला हवी होती, नाही लावली. शेवटच्या पंधरा-सोळा नळ्या जाड आल्या. मी पट्टी फाडून एकीला लावून बघितली. गेली नाही. नुसती नळी घालून बघितली, तीही हातानं जाईना. लेथवर आणखी एक घास घेतला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं. मी लाकडी हातोड्यानं ठोकून बसवली. पहिली बसली, मग दुसरी ठोकली, मग पुढच्या. लेप दिलेला फ्लक्स ठोकताना खरवडून बाहेर आला, तो मी बोटानं पुन्हा कडेला सारवला. तू पंख्याच्या आवाजात, ज्वाळेच्या आवाजात तिकडं तोंड करून बसला होतास. "ठोकतोयस काय?" असं एकदा विचारलंस. मी म्हणालो, "बसवतोय."

सगळ्या जोडून झाल्यावर तू कापायला एक मागितलीस. मी तुला पहिल्या निम्म्यातली काढून दिली. हे चुकून झालं नाही. मला माहीत होतं कुठली कुठं आहे आणि माझा हात बरोबर तिकडंच गेला. तू कापलीस, आत चांदी काठोकाठ होती, तू समाधानानं 'हं' केलंस. गाडी आली, माल गेला.

नवव्या दिवशी मगदूम स्वतः आले. पाच नळ्या सोबत आणल्या होत्या. तेल गळत होतं आणि एकीतून तर धारच लागली होती. भला माणूस, आवाजही चढवला नाही. तू त्यांच्यासमोरच एक कापलीस. वरची रेघ सुंदर होती आणि आत पितळ कोरडं, काळपट, चांदीचा स्पर्शही नाही. तू ती खिडकीपाशी नेलीस, पत्रा बाजूला केलास, उन्हात धरून बघितलीस. मग मान न वळवता मला विचारलंस.

"सदा, कागद जात हुता न्हवं?"

मगदूम उभे होते. मी म्हणालो, "जात होता की."

ह्या तीन शब्दांसाठी मी हे सगळं लिहितोय.

तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. उरलेल्या चार नळ्यांना पट्टी लावून बघायचा प्रश्नच नव्हता, जोडल्यावर काय कळणार? तू कापलेला तुकडा टेबलावर ठेवलास, चष्मा काढून डोळे चोळलेस आणि मगदूमांना म्हणालास, "मालक, चूक माझी हाय. काम रंगावर आलं न्हवतं, मला आलं वाटलं. डोळं फसलं माझं." मगदूम म्हणाले, असू द्या हो मिस्त्री, होतं कधीतरी. तू म्हणालास, होत नसतंय.

सगळा माल परत मागवलास. मी नव्यानं नळ्या केल्या. हत्याराला आधी धार लावली, एकेक नळी कागद लावून बघितली, आयुष्यात एवढं नेटकं काम केलं नसेल. आणि तू टॉर्च माझ्या हातात दिलीस. स्टूल घेऊन मागं बसलास, तोंडानं सांगत गेलास, मी जोडत गेलो. एकही गळली नाही. मग तर तुझी खात्रीच पटली. तीच टॉर्च, तीच काडी, तीच शेड, फक्त डोळे दुसरे, आणि जोड टिकले. तुझ्या जागी मी असतो तरी मलाही तेच वाटलं असतं.

त्यानंतर अकरा महिने तू रोज आलास आणि टॉर्चला हात लावला नाहीस. कापलेले जोड बघायचास, फ्लक्स कालवून द्यायचास, काम रंगावर यायची वेळ आली की तोंड दुसरीकडं करायचास. मी एकदा ओरडलो, अरे सांग की आलं का! तर म्हणालास, "मला इचारू नगं. माझं आता खरं न्हाय."

सांगणार होतो मी. खरंच सांगणार होतो. कागलहून परत येताना स्कूटर थांबवून उसाचा रस प्यायलो, तेव्हा म्हणालो, विलास, त्या मगदूमच्या नळ्यांचं एक सांगायचंय. तू हात झटकलास. "सोड गा. वय झालं की हुतंय. तू चांगलं कराय लागलायस, आजून काय पायजे?" आणि मी सोडलं.

का सोडलं हे सांगितल्याशिवाय हा कागद पुरा होत नाही. आधी भीती होती. मगदूमांची नव्हे, तुझी. माप सांभाळणारा माणूस मापाबद्दल खोटं बोलला हे कळल्यावर तू शेड सोडून गेला असतास. पण भीती दोन-तीन महिन्यांत ओसरली. त्यानंतर जे उरलं ते जास्त वाईट होतं. लोक मला शोधत यायला लागले. 'सदा मिस्त्री आहेत का?' असं दारात कुणी विचारलं की मला बरं वाटायचं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती शेड माझी झाली होती. तू मागं स्टुलावर बसलेला असायचास आणि मला बरं वाटायचं. विलास, ह्याची मला लाज वाटते. दुसरा शब्द माझ्याकडं नाही.

तुझ्या रक्षाविसर्जनाला मी पुढं होतो, खांदाही दिला होता. शोभावहिनी त्या दिवशी सगळ्यांना सांगत होत्या, सदाभावजींनी ह्यांना शेवटपर्यंत सांभाळलं, काम होत नसतानाही शेडमध्ये बसवून घेतलं. मी तिथून उठून चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

पहिला मसुदा फाडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, मी तुझ्या घरी गेलो. वहिनी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी पायरीवर बसलो आणि जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, जाड नळ्या, ठोकणं, कापायला दिलेली नळी, कागद. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला वाटलं रडतील, किंवा मला घालवून देतील. दोन्हीसाठी मी तयार होतो.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे तेंचं डोळं चांगलं हुतं?"

"हो."

"रंगबी बरोबर दिसत हुता?"

"हो वहिनी."

त्या उठल्या आणि पडवीच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं ती छोटी गॅसची शेगडी होती. तिच्यावर एक लोखंडी पट्टी आडवी ठेवलेली, एक टोक जळून खवले सुटलेलं, आणि बाजूला झाकणाच्या डबीत आपल्या शेडमधला फ्लक्स. मी ती डबी ओळखली. मला कळेना, ती तिथं कशाला.

"रोज सकाळी अंघोळीआधी हेच," वहिनी म्हणाल्या. "पट्टीला त्यो लेप लावायचं, गॅसवर ठेवायचं, आन् मला जवळ हुबं करायचं. स्वतः त्या खांबापशी जाऊन बसायचं. तितनं लेप दिसत न्हाय, पट्टीचा रंग तेवढा दिसतोय. रंग बघून 'आलं' म्हनायचं आन् मला म्हनायचं, शोभा, बघ, पानी झालं का? मी वाकून बघायची. पावसात, थंडीत, एक दिवस चुकवला न्हाय. वासानं माझं डोकं दुखायचं, तरी हुबी ऱ्हायाची."

"मग? व्हायचं पाणी?" मी विचारलं.

"रोज. हेनी 'आलं' म्हनलं की मी एक, दोन म्हनंपातूर पानी. एकदाबी चुकलं न्हाय. मी म्हनायची, आवो बरोबर येतंय की, हातात घ्या परत ते काम. तर म्हनायचं, हितं येतंय गं बरोबर, पर तितं चुकलंच न्हवं. मी म्हनायची, दुसरं काय कारन आसंल, माप चुकलं आसंल. तर माझ्यावरच चिडायचं. म्हनायचं, सदाला इचारलंय मी. सदा कशाला खोटं सांगंल?"

वहिनींनी डबीचं झाकण घट्ट लावलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, हे छापणार का? मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "छापाच. आन् नाव घालून छापा, तुमचं."

तर हे माझ्या नावानं छापायला देतोय, विलास. अकरा महिने रोज सकाळी लोखंड तुला सांगत होतं की तुझं बरोबर आहे. तू त्याचं ऐकलं नाहीस, माझं ऐकलंस. मी तुला खोटं सांगितलं होतं. तुझे डोळे शेवटच्या दिवसापर्यंत चांगले होते.

सदाशिव